लंबदुभाजक: वरचे कंस एका त्रिज्येने, खालचे दुसऱ्या. फुली योग्य का?

अबोली_फोंडा

मुलगी सातवीत आहे. गृहपाठात ८ सेमीचा रेषाखंड काढून कंपासने त्याचा लंबदुभाजक काढायचा होता. तिनं ६ सेमी त्रिज्या घेऊन वरचे दोन कंस काढले. खालचे काढायला गेली तर वहीची कड आडवी आली. मग कंपास थोडा मिटवून ५ सेमीवर आणला आणि खालचे दोन्ही कंस त्या मापाने काढले. छेदनबिंदू जोडले. मी स्वतः पट्टी लावून पाहिली, दोन्हीकडे चार-चार सेमी भरतात आणि कोनमापकावर काटकोनही येतो.

सरांनी लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, त्रिज्या सारखी हवी.

मी कॉमर्सची, माझी भूमिती दहावीत संपली. तिचा प्रश्न एवढाच की उत्तर बरोबर आलं असेल तर फुली कशाला? मला नीट सांगता आलं नाही. नशिबाने बरोबर आलं की पद्धतच बरोबर आहे?

दशमान

पद्धत बरोबर. फुली चूक. पुढचा धागा उघडा.

कुळागर

दशमानबाब, तुमचं उत्तर नेहमी असंच, कारण द्यायचं नाही.

माझ्या मते फुली बरोबर आहे. पुस्तकात पायऱ्या दिल्यात, त्यात 'तीच त्रिज्या कायम ठेवून' असं असतं. शिकताना पायऱ्या पाळायच्या, शहाणपण नंतर. स्वयंपाकात आम्ही नाही का आधी आईच्या हाताखाली...

सांजवेळ

कागद दुमडून रेषाखंडाच्या एका टोकावर दुसरं टोक ठेवायचं आणि नखाने घडी दाबायची. झाला लंबदुभाजक. ना कंपास, ना त्रिज्या, ना सर. :)

मास्तर_डिचोली

निवृत्त आहे, पण भूमिती आयुष्यभर शिकवली, म्हणून जरा लांबण लावतो. अबोलीताई, मुलीला शेजारी बसवून वाचा.

रेषाखंड कख. वरचा छेदनबिंदू प, खालचा फ. प हा क पासून ६ आणि ख पासूनही ६ सेमी. फ हा क पासून ५, ख पासूनही ५. आता त्रिकोण कपफ आणि खपफ पाहा. कप = खप, कफ = खफ, पफ सामाईक. बाबाबा कसोटीने दोन्ही त्रिकोण सर्वसम. म्हणून प जवळचे दोन्ही कोन सारखे. पफ ही रेषा कख ला म मध्ये छेदते असं धरू. त्रिकोण कपम आणि खपम: कप = खप, मधला कोन सारखा, पम सामाईक. बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू. म्हणून कम = खम, आणि म जवळचे दोन कोनही सारखे. ते रेषीय जोडीतले, म्हणजे प्रत्येकी ९० अंश. सिद्धता संपली.

यात ६ आणि ५ सारखे असावेत असं कुठं लागलं? कुठंच नाही. एका छेदनबिंदूसाठी क कडची आणि ख कडची त्रिज्या सारखी हवी, बस. वरच्या जोडीचा खालच्या जोडीशी संबंध नाही. चारही सारख्या घेतल्या तर कपखफ हा समभुज चौकोन होतो, नाही घेतल्या तर पतंग. पतंगाचाही एक कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागतोच.

आणखी एक अट विसरू नका. प्रत्येक त्रिज्या रेषाखंडाच्या निम्म्याहून जास्त हवी. ८ सेमीला बरोब्बर ४ घेतली तर कंस मध्यबिंदूत नुसते टेकतात, ३.९ घेतली तर भेटतच नाहीत.

अबोली_फोंडा

मास्तर, धन्यवाद! मुलीनं वाचलं. तिची शाळा इंग्रजीतून, त्यामुळे 'बाबाबा' ऐकून आधी पाच मिनिटं हसत होती. बाजू-बाजू-बाजू सांगितल्यावर लगेच समजलं. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून सगळं इंग्रजी, आपल्या गोव्यात हे होतंच.

कुळागर

सिद्धता मान्य. पण सरांनी पद्धतीला गुण द्यायचे असतात ना? पद्धत ठरलेली असेल तर?

टोकयंत्र

मी यंत्रचित्र शिकवतो. सरांच्या बाजूने चार शब्द बोलतो, म्हणजे धागा एकतर्फी नको.

वर्गात पन्नास वह्या तपासताना वेगळ्या त्रिज्येचे कंस दिसले, तर दहापैकी नऊ वेळा मुलानं मुद्दाम बदललेले नसतात, कंपास सैल असतो. क वर सुई, वर-खाली दोन कंस. मग ख वर सुई, पण उचलताना कंपास उघडला. अशा वेळी काय होतं ते गमतीचं आहे. क पासूनचे दोन्ही कंस ५ सेमीचे आणि ख पासूनचे दोन्ही ५.१ चे झाले, तर छेदनबिंदू जोडणारी रेषा कख ला लंबच राहते! फक्त मध्यातून जात नाही, ८ सेमीच्या रेषाखंडात साधारण ०.६ मिमी क कडे सरकते. पायथागोरस दोनदा वापरला की निघतं: सरकणं म्हणजे दोन त्रिज्यांच्या वर्गांतला फरक भागिले रेषाखंडाची दुप्पट. २६.०१ वजा २५, भागिले १६, म्हणजे ०.०६३ सेमी.

ताईंच्या मुलीच्या बाबतीत उलट आहे. तिच्या त्रिज्या वर-खाली वेगळ्या आहेत, डावी-उजवी सारख्या आहेत. तिची रेषा मध्यातूनच जाणार. सर नुसतं 'कंस वेगळे दिसतात' बघून फुली मारत असतील तर या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. पट्टी लावून पाहिली असती तर कळलं असतं.

शंकासूर

टोकयंत्रबाब, हे पहिल्यांदा ऐकलं. दोन वेगळ्या त्रिज्यांनीही रेषा लंबच?

टोकयंत्र

हो. दोन वर्तुळं एकमेकांना दोन बिंदूंत छेदत असतील तर ते बिंदू जोडणारी रेषा केंद्रं जोडणाऱ्या रेषेला लंब असते, वर्तुळं केवढीही असोत. सारखी असली की ती मध्यातूनही जाते. म्हणजे 'लंब' फुकट मिळतो, 'दुभाजक' कमवावा लागतो. पण कंपास मध्येच, म्हणजे वरचे दोन काढून झाल्यावर खालच्यांपैकी फक्त एकाला हलला, तर लंबही गेला आणि दुभाजकही.

दशमान

म्हणूनच म्हटलं, फुली चूक.

मत्स्यगंधा

माझ्या लेकाच्या कंपासात पेन्सिल बसतच नाही, स्क्रू फिरवून फिरवून आटे गेलेत. काही इलाज आहे? नवीन घ्यायचा का?

टोकयंत्र

पेन्सिलीभोवती कागदाची बारीक पट्टी दोन वेढे गुंडाळा आणि मग स्क्रू आवळा. कंपास मिटल्यावर सुईचं टोक आणि शिसाचं टोक एका पातळीत येतं का बघा. फिरवताना पाय धरायचे नाहीत, फक्त वरची मूठ दोन बोटांत धरायची. पाय धरले की त्रिज्या बदललीच समजा. वहीखाली पुठ्ठा किंवा चार-पाच कागद ठेवा, नुसत्या बाकावर सुई सरकते. पेन्सिल बोथट नको.

आणि पुस्तकं 'निम्म्याहून थोडी जास्त' म्हणतात तो सल्ला मला आवडत नाही. ८ सेमीला ४.२ घेऊन बघा. दोन छेदनबिंदूंत जेमतेम अडीच सेमी अंतर उरतं आणि कंस एकमेकांना इतके तिरके घासतात की नेमका छेद कुठला ते शोधत बसावं लागतं. पाऊणच्या आसपास त्रिज्या घ्या. ८ सेमीला ५.७ च्या जवळ घेतली की कंस जवळपास काटकोनात कापतात, छेद सुईच्या टोकाएवढा स्पष्ट दिसतो. मुलीचे ५ आणि ६ दोन्ही छान होते.

ओळंबा

पेडण्याहून. बांधकामाची कामं घेतो. धागा वाचून हसू आलं, कारण मुलीनं जे वहीत केलं ते आम्ही साइटवर करतो, आणि तेही मुद्दाम.

दारासमोर तुळशी वृंदावन बांधायचं. यजमानाला ते दाराच्या बरोब्बर समोर हवं, उंबऱ्यावर उभं राहिलं की नाकासमोर. चौकटीच्या दोन बाजू म्हणजे तुमचे क आणि ख. मधून काटकोनात रेषा अंगणात काढायची. आता खालचा छेदनबिंदू कुठे घेणार? तो घरात! आत पलंग, कपाट, म्हातारी झोपलेली. म्हणून दोन्ही छेद अंगणातच घ्यायचे. आधी लहान दोरीने एक, मग लांब दोरीने दुसरा, दोन्ही एकाच बाजूला. दोन्ही दोऱ्या सारख्या घेतल्या तर एकच बिंदू मिळेल, रेषा मिळणार नाही. म्हणजे इथे त्रिज्या वेगळ्या असायलाच पाहिजेत.

आमचा गवंडी तर ओसरीच्या खांबांवर आकड्यांनी खेळतो. दोन खांबांत ६ फूट अंतर असलं की ५ फुटांची दोरी घेतो, छेद भिंतीपासून बरोब्बर ४ फुटांवर येतो. ३-४-५. तो आकडा टेपने तपासला की काम बरोबर आहे ते लगेच कळतं.

सूचना: नायलॉनची दोरी ताणली की वाढते. पहिल्यांदा कमी ताणली, दुसऱ्यांदा जास्त, की वृंदावन कलतं. आम्ही बारीक तार वापरतो.

मास्तर_डिचोली

वा, ओळंबा! एकाच बाजूला दोन बिंदू. हेच मी वर्गात कडेला काढलेल्या रेषाखंडाला सांगत असे. फक्त दोन छेद एकमेकांपासून लांब ठेवा. जवळजवळ घेतले तर लहानशी चूकही रेषा लांबवल्यावर मोठी होते. ८ सेमीला एक छेद ५ सेमी त्रिज्येने घेतला तर तो ३ सेमी उंचीवर येतो, दुसरा ८.५ त्रिज्येने घेतला तर ७.५ वर. मध्ये साडेचार सेमी, पुरेसं आहे.

कुळागर

तुळस, वृंदावन, छान. पण शाळेच्या वहीत अंगण नसतं.

दशमान

वहीची कड असते. ती आडवी आली म्हणूनच सगळं सुरू झालं. मूळ पोस्ट परत वाचा.

सांजवेळ

कुणी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीचा, विषय काढला नाही? चवथ आलीय! गणपतीच्या डोक्यावर माटोळी मधोमध यायला पाहिजे. आमच्याकडे दरवर्षी यावरून भांडण. काका म्हणतात छताचा मध्य, बाबा म्हणतात गणपतीचा मध्य. कंपास घेऊन चढवू का कुणाला शिडीवर?

ओळंबा

चौकटीचा मध्य हवा तर लंबदुभाजक नको, दोन कर्णांवर सुतळ्या ताणा, जिथं कापतात तो मध्य. ओळंबा तिथून सोडा, टोक जिथं येईल तिथं पाट ठेवा. छत की गणपती, हे घरच्यांनी ठरवायचं. मी त्यात पडत नाही, यजमान दुखावतो. माटोळीत काय काय बांधलंय ते मात्र सांगा. आमच्याकडे कांगलां, ती माटोळीची रानफळं, अजून मिळाली नाहीत.

सांजवेळ

साखळीच्या बाजारात आलीत. आधी मिळतात, चवथीच्या आदल्या दिवशी भाव विचारू नका.

शंकासूर

बाजारभावाचा धागा वेगळा आहे, तिथे जा. :) मला वेगळीच शंका. हे कंस-छेद आपल्याकडे युक्लिडनंतर आलं का?

मत्स्यगंधा

झालं, आता कुणीतरी 'सगळं वेदात होतं' म्हणणार.

मास्तर_डिचोली

मत्स्यगंधाबाय, तसं म्हणत नाही, पण पायऱ्या वाचा आणि स्वतः ठरवा. शुल्बसूत्रं यज्ञवेदी मांडायच्या मापांची. कात्यायन शुल्बसूत्रात दिशा काढायची रीत अशी आहे. सपाट जमिनीवर शंकू म्हणजे खुंटा रोवायचा, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी खुंट्याच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथं लागेल तिथं एक खूण, दुपारनंतर पुन्हा लागेल तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम. मग त्या दोन खुणांमधल्या अंतराच्या दुप्पट दोरी, टोकांना फासे, दोन्ही फासे त्या दोन खुणांवरच्या खुंट्यांत अडकवून मध्य धरून दक्षिणेला ताणायचा, तिथं खुंटा. तसाच उत्तरेला. ते दोन जोडले की उत्तर-दक्षिण.

हा सरळ लंबदुभाजक. दुप्पट दोरी मध्यावर धरली की दोन्ही बाजू मूळ अंतराएवढ्या, म्हणजे समभुज त्रिकोण. युक्लिडही रेषाखंड दुभागताना, पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या विधानात, आधी समभुज त्रिकोणच काढतो आणि मग शिरोकोन दुभागतो. सूर्यसिद्धांतातही याच कामाला कंसांची आकृती येते, दोन कंसांमधल्या जागेला तिथं मासाच म्हटलंय.

मत्स्यगंधा

मासा म्हटल्यावर माझा विरोध संपला. :)

टोकयंत्र

मास्तर, त्या रीतीत एक गोष्ट आपल्या चर्चेला थेट लागू पडते. मूळ शंकू दोन्ही खुणांपासून सारख्याच अंतरावर आहे, कारण दोन्ही वर्तुळावर आहेत. म्हणजे तो आधीच लंबदुभाजकावर बसलाय. दोरीने एकच बिंदू काढला आणि शंकूला जोडला तरी उत्तर-दक्षिण मिळते. एक अंतर वर्तुळाची त्रिज्या, दुसरं दोरीचं. दोन वेगळ्या त्रिज्या! ताईंच्या मुलीची पद्धत अगदी हीच.

शंकासूर

हे मी घरी करून बघणार. पण सूर्य दिवसभरात उत्तर-दक्षिण सरकतो ना थोडा?

टोकयंत्र

सरकतो, म्हणून सकाळ-दुपारच्या सावल्यांत किंचित फरक पडतो. अयनदिनाच्या आसपास तो सर्वांत कमी. आता गोव्यात २१ जूनला ऊन शोधत बसाल तर छत्री घेऊन बसा. २२ डिसेंबरच्या सुमारास करा, आकाशही स्वच्छ असतं.

कुळागर

मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. समजा परीक्षेत हाच प्रश्न आला, तर मुलीनं काय करावं?

मास्तर_डिचोली

परीक्षेत चारही कंस एका त्रिज्येने काढावेत. तपासणाऱ्याला शंका घ्यायला जागाच ठेवू नये, आणि एकदा कंपास लावला की चारही कंस काढून मोकळं होता येतं, वेळ वाचतो. त्या सोयीसाठीच पुस्तकात तसं लिहितात. पण वहीतल्या बरोबर रचनेला फुली मारायला ते कारण पुरत नाही. फार तर 'त्रिज्या सारखी घेणं सोयीचं' असा शेरा द्यावा.

दशमान

एनसीईआरटीने २०२२ मध्ये अभ्यासक्रम हलका केला तेव्हा दहावीच्या गणितातून रचनांचा धडा काढूनच टाकला. त्यामुळे मुलं कंपास हातात धरतात ती खालच्या वर्गांतच. तिथं फुली मिळाली की संपलं.

अबोली_फोंडा

सर्वांचे आभार. सरांना अजून भेटले नाही, शाळेला चवथीची सुट्टी लागली. मुलगी सिद्धता वेगळ्या कागदावर लिहून घेऊन जाणार आहे, तिचा स्वतःचा हट्ट. मी सांगितलंय, फुली पुसा असं म्हणायचं नाही, 'सर हे बरोबर आहे का बघाल' असं विचारायचं.

तिचा अजून एक प्रश्न: घरातल्या गोल लाकडी टेबलाचा मध्य असाच काढता येईल का?

ओळंबा

येईल. कडेवर तीन खुणा करा, जवळजवळ नको. पहिली-दुसरी जोडून तिचा लंबदुभाजक, दुसरी-तिसरी जोडून तिचा. दोन्ही जिथं कापतात तो मध्य, कारण तो तिन्ही खुणांपासून सारखा दूर. टेबलावर पेन्सिल हलक्या हाताने, नाहीतर घरी ओरडा खाल.

शंकासूर

आता माझं कोडं, चवथीच्या सुट्टीत सोडवायला. पट्टी नाही. फक्त कंपास. कख चा मध्यबिंदू काढा. रेषा न ओढता.

कुळागर

अशक्य.

मास्तर_डिचोली

शक्य आहे. जॉर्ज मोहर या डॅनिश गणितज्ञाने १६७२ मध्ये आणि इटलीच्या मास्केरोनीने १७९७ मध्ये दाखवलं की पट्टी-कंपासने जे बिंदू मिळतात ते सगळे नुसत्या कंपासनेही मिळतात.

ख केंद्र, खक त्रिज्या, वर्तुळ काढा. त्याच त्रिज्येने क पासून वर्तुळावर तीन पावलं टाका, बरोब्बर समोर ग मिळेल, म्हणजे कग ही कख च्या दुप्पट. आता क केंद्र घेऊन कख त्रिज्येचं वर्तुळ काढा. ग केंद्र घेऊन गक त्रिज्येचं. ही दोन जिथं कापतात ते च आणि छ. शेवटी च आणि छ केंद्रं घेऊन, दोन्हींना कख एवढीच त्रिज्या, दोन कंस. ते एकदा क मध्ये भेटतात आणि दुसऱ्यांदा मध्यबिंदूत.

दशमान

यात ग चं वर्तुळ दुप्पट त्रिज्येचं आहे. कुळागरबाब, फुली मारणार का?

कुळागर

पट्टी नसेल तर मध्य आला की नाही हे मी तपासू कसा?

टोकयंत्र

आलेल्या बिंदूवर सुई ठेवा, क पर्यंत उघडा, वर्तुळ काढा आणि त्याच त्रिज्येने क पासून त्यावर तीन पावलं टाका. तिसरं पाऊल ख वर पडलं की झालं.